ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय? इंजिन खोलायची घाई करू नका

नमस्कार मंडळी. हे बघा.

(झाकण कॅमेऱ्याजवळ)

झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरं, सायीसारखं चिकट काहीतरी जमलंय ना? हे मुलुंडला आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या गाडीचं इंजिन ऑइलचं झाकण. जानेवारीत ते गॅरेजला गेले, तर तिथे सांगितलं, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं सील. ते गेलं की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, ऑइलमध्ये मिसळू शकतं. काकांची झोप उडाली.

मी एवढंच विचारलं, काका, गाडी फिरते कुठे? सकाळी काकूंना स्टेशनला सोडायचं, संध्याकाळी आणायचं. एका वेळेला दीड किलोमीटर. बाकी सगळीकडे लोकल.

ही साय म्हणजे ऑइलमध्ये घुसळलेलं पाणी. मग इंजिनात पाणी आलं कुठून? मुंबईच्या दमट हवेतून थोडं येतं, पण खरं पाणी तयार होतं पेट्रोलमधूनच. एक लीटर पेट्रोल जळलं की साधारण लीटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून बाहेर जाते. थोडी मात्र पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलपर्यंत पोचते. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतून पाणी ठिबकतं, तसंच इथे होतं. इंजिनात सगळ्यात थंड राहतं ते वरचं कव्हर आणि हे झाकण. वाफेचं तिथे पाणी होतं, ते ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि ही साय तयार होते. थंडीत पहाटे मुंबईचा पारा १७-१८ अंशांवर येतो, तेवढंही पुरतं. पावसाळ्यातही छोट्या फेऱ्यांवर हेच होतं.

ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत तापलं आणि काही वेळ तसंच राहिलं, की हे पाणी उडून जातं. आता इथे नीट ऐका, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. काटा मध्यावर आला तरी ऑइल अजून कोमटच असतं. दीड किलोमीटरात तर काटाही पुरता वर येत नाही. म्हणजे रोज पाणी भरतं आणि उडत कधीच नाही.

"मी बिल्डिंगखाली दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवतो" असं सांगणारे भरपूर भेटतात. कृपया ते बंद करा. नुसत्या आयडलिंगवर ऑइल नीट तापत नाही, उलट आत आणखी वाफ जाते.

मग गॅस्केट खरंच गेलंय का, हे कसं ओळखायचं? गाडी थंड असताना कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारा आणि आठ दिवस पातळी बघा. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काढून ऑइल बघा. कूलंट उतरत असेल, डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाच्या कॉफीसारखं दिसत असेल, इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल किंवा तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर चढत असेल, तर गाडी चालवू नका, टो करून न्या. पुराचं पाणी इंजिनात शिरलेल्या गाडीचंही तेच. तिला तर स्टार्टरसुद्धा मारू नका.

काकांची रेघ जिथल्या तिथे राहिली. डिपस्टिक स्वच्छ. झाकण पुसलं आणि रविवारी नाशिक हायवेने शहापूरपर्यंत जाऊन आलो.

अशी साय वर्षानुवर्षं राहू दिली, तर मात्र ऑइलची ताकद कमी होते, आत आम्ल तयार होतं, गाळ साचतो. म्हणून छोट्या फेऱ्यांच्या गाडीचं ऑइल दहा हजार किलोमीटरची वाट बघत ठेवू नका. मॅन्युअलमध्ये खडतर वापराचं वेगळं वेळापत्रक असतं, ते उघडून वाचा. काकांना मी सहा महिन्यांनी बदला म्हटलंय.

तीन आठवड्यांनी झाकण पुन्हा उघडलं. कडेला बोटाला लागेल एवढीच साय होती, बाकी कोरडं. काका म्हणाले, "आता दर रविवारी शहापूर." काकूंनी डबा भरायला घेतलासुद्धा.