दाढ दाखवायला आले अन् गालात चट्टा निघाला

(पडद्यावर: दातांच्या ओपीडीबाहेरचा बाक, सकाळची गर्दी)

धुळे घ्या, जळगाव घ्या नाहीतर नंदुरबार, डेंटिस्टकडे नुसतं तोंड तपासून घ्यायला म्हणून कोणी येत नाही. कुणाची दाढ ठणकतेय, कुणाचा गाल सुजलाय, कुणाला कवळी बसवायचीय. डॉक्टर दाढ बघायला म्हणून आरसा घालतात, ओठ जरा खाली ओढतात अन् तिथे पांढरा चट्टा, बरोब्बर तंबाखूचा बार धरायच्या जागी. कापसाने पुसला तरी जात नाही. दुखत नाही म्हणून पेशंटला पत्ताच नसतो. हा ल्युकोप्लाकिया, म्हणजे कॅन्सर नाही पण पुढे होऊ शकतो. चट्टा लाल असेल तर धोका अजून जास्त.

दुसरा प्रकार सबम्युकस फायब्रोसिस, तो सुपारीचा. गुटखा, मावा, पानमसाला, सगळ्यात सुपारी आहेच. सुरुवात होते जळजळीने, आता शेवभाजी अन् भरीत खाणाऱ्या घरातला पंचविशीचा पोरगा म्हणतो "तोंडमा आग व्हस", घरचे म्हणतात पित्त झालं असेल, मग ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू, अन् इकडे सुपारीतल्या अ‍ॅरेकोलीनमुळे गालाच्या आत तंतू साचत जातात, गाल कडक होतो, बोट फिरवलं की ताणलेल्या दोऱ्या लागतात. नीट उघडलेल्या तोंडात आपलीच तीन बोटं उभी जातात, याच्या जेमतेम दोन. सुपारी सोडली तरी गाल पहिल्यासारखा होत नाही. गुटखाबंदी २०१२ पासून आहे बरं का, पुड्या कुठे मिळतात ते गावातल्या कोणत्याही पोराला विचारा.

आता प्रमाण किती? जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये एक आढावा निघाला, त्यात असे पुढे कॅन्सर होऊ शकणारे तोंडाचे विकार साधारण ४.५ टक्के लोकांत, पण नुसतं आशियाचं बघितलं तर १०.५ टक्के. दवाखान्यातला आकडा मात्र जपून वापरायचा, कारण तिथे येतो तो आधीच काहीतरी त्रास असलेला माणूस, अन् घरात रोज मिस्री लावणारी आजी, ती दात पडले तरी डॉक्टरकडे जात नाही, तिची मोजणी कुठेच नाही. म्हणून दवाखान्याचा आकडा जसाच्या तसा गावाला लावला की गडबड होते, असं मला तरी वाटतं.

(पडद्यावर: टॉर्चच्या उजेडात गालाची आतली बाजू)

केरळात तिरुवनंतपुरमजवळ ट्रेनिंग दिलेले कार्यकर्ते घरोघरी गेले अन् नुसत्या डोळ्यांनी लोकांची तोंडं तपासली, डॉक्टर नव्हते ते. २००५ मध्ये निकाल आला, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. आपल्याकडेही तिशीच्या पुढच्या माणसांची तोंडाची तपासणी सरकारी योजनेत आहे, अगदी उपकेंद्रापर्यंत, फक्त तिथे जाऊन "सिस्टर, तोंड बघा" असं म्हणणारे फार थोडे.