मशीनवरचा हात, ताटातला हात

आजचा विषय जाहीर झालाय तो ‘पक्षाघातानंतर हाताच्या हालचाली आणि तंत्रज्ञान’. त्यावर बोलणारच आहे. पण ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे पेशंटना रोजची कामं पुन्हा करायला शिकवत, बावीस वर्षं काम करताना एक गोष्ट मनात साठून राहिली आहे, ती आधी बोलून घेते. इथे निम्मे पेशंट आहेत आणि निम्मे घरचे. मला नेमकी हीच माणसं समोर हवी होती.

आमच्याकडे एक काका यायचे, एसटीत कंडक्टर होते. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली आणि उजवी बाजू लुळी पडली. त्यांच्या आई म्हणायच्या, अंगावरून वारं गेलं. पाय त्या मानाने लवकर सुधारला. पायाचं बरं असतं, मोरीपर्यंत जायचं तरी तो टाकावाच लागतो. हाताला अशी सक्ती नसते. एक अडला की दुसरा पुढे येतो.

तेव्हा मी जिथे काम करायचे तिथे हातासाठी रोबॉट नवीनच आला होता. मनगट त्याच्या दांड्याला पट्ट्याने बांधायचं. समोर पडदा, पडद्यावर आंबे. हात सरकवला की आंबा टोपलीत, आणि हात अडला तर मशीन हलकेच पुढे नेतं. काका त्यात रमून गेले. महिनाभरात कोपर सुटलं, खांद्यात जोर आला. फुगल-मायर नावाची तपासणी असते, हातासाठी ६६ गुणांची, तिच्यातही गुण वाढले. आम्ही सगळे खूश.

मग एकदा मी त्यांच्या घरी गेले. जेवायची वेळ होती. काकांचा उजवा हात मांडीवर, पंजा उताणा, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. काकूंनी भात कालवला आणि चमचा डाव्या हातात दिला. शर्टाचं बटण सुटलं होतं, ते मुलाने जाता जाता लावलं. पाणी सुनेने ओतलं. मी उठेपर्यंत तो उजवा हात मांडीवरून एकदाही हलला नाही. त्याच हाताने सकाळी टोपलीभर आंबे गोळा केले होते! काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, “ताई, आधीच एवढं भोगलंय त्यांनी, आणखी त्रास कशाला?”

हे प्रेम आहे, मला कळतं. माझ्या आईच्या आजारपणात मीही तेच करायला धावत होते. पण या प्रेमापायी हात जातो, हे मी जीव तोडून सांगते आहे.

एडवर्ड टाउब या अमेरिकन शास्त्रज्ञाने माकडांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं होतं. एका हाताची संवेदना गेली की माकड तो हात वापरणंच सोडतं. चांगला हात बांधला की तोच हात कामाला लागतो. म्हणजे हात न चालण्यात काही भाग इजेचा आणि काही भाग मोडलेल्या सवयीचा. यातूनच चांगल्या हातावर मोजा चढवून आजारी हात वापरायला लावायची पद्धत आली. तिची मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली, २२२ पेशंटवर, आणि फायदा दिसला. मात्र मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येत असतील तरच. घरच्या घरी कुणी हात बांधून ठेवू नका, तोल जाऊन माणूस पडतो.

काकांना मी विचारलं, तिकिटाला पंच कसा मारायचात? उजवा अंगठा तर्जनीकडे सरकला. जेमतेम, पण सरकला. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या सुट्ट्या पैशांचा डबा काकांच्या ताब्यात गेला. दूधवाला, भाजीवाली, इस्त्रीवाला, सगळ्यांना मोड काकांनीच द्यायची आणि उजव्या हाताने. नाणं उचलता येत नव्हतं, म्हणून ते टेबलाच्या कडेपर्यंत घासत न्यायचे आणि कडेवर चिमटीत धरायचे. ही युक्ती त्यांचीच. पहिल्या दिवशी दूधवाला दहा मिनिटं दारात उभा होता. तिसऱ्या आठवड्यात काका त्याच्याशी हिशेबावरून भांडले, तेव्हा काकू रडल्या.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत. तर तंत्रज्ञान.

मेंदूत नवी वाट पडायची तर एकच हालचाल शेकड्यांनी व्हावी लागते. अमेरिकेत २००९ साली कॅथरिन लँग यांच्या गटाने मोजून पाहिलं, तर थेरपीच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. रोबॉट तासाभरात शेकडो करून घेतो, न थकता. तरीही ब्रिटनमध्ये ७७० पेशंटवर झालेली चाचणी, २०१९ची, सांगते की रोबॉटने हाताची हालचाल थोडी सुधारली, पण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत रोजची कामं काही सुधारली नाहीत. आमचे काका आठवा.

लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या रुग्णालयात तीन आठवड्यांत ९० तास हातावर काम करून घेतात. तिथल्या निम्म्याहून जास्त पेशंटना स्ट्रोक होऊन वर्ष उलटलं होतं, तरी हात सुधारले. तेव्हा ‘सहा महिने झाले, आता काही होणार नाही’ असं कुणी म्हणालं तर मानू नका.

मानेतल्या व्हेगस नसेला हालचालीच्या क्षणी विजेचा हलका झटका देणारं यंत्र २०२१ साली अमेरिकेत मंजूर झालं. त्यासाठी शस्त्रक्रिया लागते. आरसा मात्र स्वस्त: चांगला हात आरशात हलताना बघायचा आणि आजारी हात त्याच्यामागे हलवायचा प्रयत्न करायचा.

मला स्वतःला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या या दोन पट्ट्या. दोन्ही मनगटांवर घड्याळासारख्या बांधायच्या, दिवसभर कुठला हात किती हलला ते मोजतात. निरोगी माणसाचे दोन्ही हात जवळजवळ सारखेच हलतात, उजवा-डावा काही असो. काकांच्या पहिल्या दिवसाचा आलेख मी काकूंना दाखवला, आणि माझ्या सगळ्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते त्या कागदाने केलं. रोबॉट घ्यायच्या आधी हे मोजा, घेतल्यावरही मोजा, घरी.

बाहेर चहाबरोबर उकडलेल्या शेंगा आहेत, मुद्दाम न सोललेल्या. बरोबर आलेल्यांनी सोलून देऊ नयेत. ज्यांना गिळायचा त्रास आहे त्यांनी नुसत्या सोलाव्यात आणि शेजाऱ्याला द्याव्यात.