गोल न दाखवणारी फुटबॉलची फिल्म: गुडिसन पार्कचा शेवटचा सिझन

(निवेदन, फायनल ड्राफ्ट. कंसातलं वाचायचं नाही, एडिटिंगसाठी आहे.)

(गुडिसन रोड, दुपार. घरांची रांग, मागे स्टँड.)

आधी ही घरं बघा आणि मग त्यांच्यासमोर काय उभं आहे ते बघा. लाल विटांची, एकमेकांना चिकटलेली दुमजली घरं, मधे एक साधा रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे थेट स्टेडियमची भिंत. पार्किंग नाही, मोकळं पटांगण नाही, काही नाही. लिव्हरपूल शहरातला हा वॉल्टन नावाचा भाग, आणि हे गुडिसन पार्क. एव्हर्टन फुटबॉल क्लब इथे १८९२ पासून खेळतोय आणि २०२४-२५ हा पुरुषांच्या टीमचा इथला शेवटचा सिझन.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कमेंटमध्ये भांडण नको. या फिल्ममध्ये एकही गोल दिसणार नाही. प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या टॉप डिव्हिजनच्या, मॅचला आपल्यासारख्यांना कॅमेरा घेऊन आत सोडत नाहीत, ते हक्क प्रचंड पैशांना विकलेले असतात. त्यामुळे आम्ही बाहेरच उभे राहिलो, आणि खरं सांगायचं तर त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण या रस्त्यावर गोल ऐकू येतो. कुणी मारला तेही कळतं. एव्हर्टनचा असेल तर छातीत धप्प होतं, आणि समोरच्यांचा असेल तर बुलन्स रोडच्या एका कोपऱ्यातून, जिथे पाहुण्या टीमचे फॅन बसतात, तिथून बारीकसा आवाज येतो आणि बाकी सगळं स्टेडियम चिडीचूप.

(१७ ऑगस्ट २०२४. गर्दी, निळे शर्ट, ऊन.)

सिझनची पहिली मॅच, ब्रायटनविरुद्ध. तो बारीक आवाज तीन वेळा आला. ०-३.

(३१ ऑगस्ट. टोपीवाले काका चालताना, मग थांबलेले.)

हे काका बघा. बोर्नमथची मॅच चालू आहे, ८७वं मिनिट, एव्हर्टन २-० पुढे, आणि काका गर्दी व्हायच्या आत बस पकडायची म्हणून निघालेत. खुशीत आहेत. आता मागून आवाज आला, बारीक. काका वळून बघतात, परत चालायला लागतात. परत आवाज आला, आता फोन काढलाय. इंज्युरी टाइमच्या, म्हणजे नव्वद मिनिटांनंतर वाढवून दिलेल्या वेळेच्या, सहाव्या मिनिटाला तिसरा. आम्ही कॅमेरा खाली घेतला, कारण त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने बघितलं ते शूट करण्यासारखं नव्हतं. २-३.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एव्हर्टन म्हणजे इंग्लंडच्या टॉप डिव्हिजनमध्ये सगळ्यात जास्त सिझन खेळलेला क्लब. १९५४ पासून एकदाही खाली गेलेला नाही. नऊ वेळा चॅम्पियन, पण शेवटचं १९८७ साली. या सिझनआधीची काही वर्षं मात्र सगळी ताकद रेलिगेशन, म्हणजे शेवटच्या तिघांत येऊन खालच्या लीगमध्ये जाणं, टाळण्यात जात होती. २०२३-२४ मध्ये तर खर्चाचे नियम मोडले म्हणून आधी १० पॉइंट कापले, अपिलात ते ६ झाले, मग दुसऱ्या केसमध्ये आणखी २ गेले, म्हणजे एकूण ८, आणि तरी टीम वाचली. त्यामुळे इथला फॅन ऑगस्टमध्ये ट्रॉफीचं स्वप्न वगैरे बघत नाही. तो आधी खालून चौथ्या नंबरवर कोण आहे ते बघतो.

(स्टॅनली पार्क. कॅमेरा गुडिसनकडून ॲनफिल्डकडे वळतो.)

आता हा शॉट. हे एक सार्वजनिक बाग आहे, स्टॅनली पार्क. डावीकडे गुडिसन, आणि उजवीकडे दिसतंय ते ॲनफिल्ड, लिव्हरपूल एफसीचं मैदान. मधे एक किलोमीटरच्या आसपास अंतर. गंमत अशी की ॲनफिल्ड आधी एव्हर्टनचं होतं.

ही गोष्ट जरा नीट सांगतो. १८७८ मध्ये सेंट डॉमिंगो चर्चच्या पोरांनी टीम काढली, दुसऱ्या वर्षी नाव बदलून एव्हर्टन केलं. पुढे ॲनफिल्डवर खेळायला लागले, तिथेच १८९१ मध्ये पहिल्यांदा लीग जिंकली. मैदानाचा कारभार जॉन हॉल्डिंग नावाच्या माणसाच्या हातात, तोच क्लबचा अध्यक्ष, आणि धंद्याने बिअरवाला. खेळाडू कपडे बदलायचे ते त्याच्याच हॉटेलात, मैदानात बिअर विकायचा हक्क त्याचाच, आणि क्लब चालायला लागला तसं भाडं १०० पाउंडांवरून २५० वर गेलं. समितीत दोन तट पडले. विरोधी बाजूचा म्होरक्या जॉर्ज माहन, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा माणूस. शेवटी एव्हर्टनवाले उठले, बागेच्या या बाजूला मिअर ग्रीन नावाचं रान होतं ते घेतलं, सपाट केलं, स्टँड उभे केले, आणि २४ ऑगस्ट १८९२ ला गुडिसन पार्क उघडलं. हॉल्डिंगकडे मैदान उरलं पण टीम नाही, म्हणून त्याने नवी टीम काढली. तीच लिव्हरपूल.

म्हणजे भाडेकरू-मालक भांडणातून दोन क्लब, आणि पुढची १३३ वर्षं घराघरात दोन रंग. कोल्हापुरात एकाच घरात एक भाऊ एका तालमीचा आणि दुसरा दुसऱ्या तालमीचा असला की शाहू स्टेडियमवरच्या मॅचच्या दिवशी जेवणाच्या ताटावर जे होतं, तेच इथे होतं. पण याच दोन क्लबच्या फॅन लोकांनी २०१५ मध्ये मिळून गरजूंसाठी धान्य गोळा करायला सुरुवात केली. मॅचच्या दिवशी स्टेडियमबाहेर डबे, पास्ता, टूथपेस्ट जमा होतात. (इथे व्हॅनचा शॉट लांब ठेवा.)

(आतलं फुटेज, स्टेडियम टूरचा दिवस. रिकामं मैदान.)

मॅच नसायची त्या दिवशी तिकीट काढून टूरला आत जाता यायचं, हे तेव्हाचं. बुलन्स रोड स्टँडच्या कठड्यावर लोखंडी पट्ट्यांची ही फुल्या-फुल्यांची जाळी दिसतेय ना, हे आर्चिबाल्ड लीच या इंजिनिअरचं काम, १९२६ सालचं. ब्रिटनमधली कितीतरी जुनी मैदानं याच माणसाने बांधली आणि आता त्यातली बहुतेक पाडून झालीत. या सीट लाकडी आहेत. हात फिरवला की रंगाचे थर लागतात, एकावर एक निळे, आणि कडेला जिथे लोक उठताना हात टेकतात तिथे रंग उडून लाकूड गुळगुळीत झालंय. आणि हा खांब. या सीटवर बसलं तर अर्धा गोलपोस्ट दिसत नाही, आणि तरी ही सीट वर्षानुवर्षं विकली गेली, घेणारे आनंदाने घेत होते.

कोपऱ्यात दोन स्टँडच्या मधे जे डोकावतंय ते चर्च आहे. सेंट ल्यूक्स. स्टेडियमच्या कोपऱ्यात चर्च नाही, चर्चच्या कोपऱ्यात स्टेडियम असं इथले लोक म्हणतात. मॅचच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये चहा मिळतो आणि जुने प्रोग्रॅम, फोटो, शर्ट मांडलेले असतात.

मैदानाच्या कडेची ही पट्टी. शेकडो फॅन लोकांच्या अस्थी इथे पुरल्यात. जागा संपली म्हणून क्लबला शेवटी ते थांबवावं लागलं. डिक्सी डीन, ज्याने १९२७-२८ मध्ये एका लीग सिझनला ६० गोल मारले आणि इंग्लंडमधला तो रेकॉर्ड अजून कुणाला मोडता आला नाही, तो १९८० मध्ये याच स्टेडियममध्ये, लिव्हरपूलविरुद्धची मॅच बघताना गेला.

(हिवाळा. पाऊस, बंद शटर.)

डिसेंबर-जानेवारीचं आमच्याकडे फारसं फुटेज नाही, पाऊसच होता. थोडक्यात सांगतो. १९ डिसेंबरला क्लब अमेरिकेच्या फ्रीडकिन ग्रुपने विकत घेतला. ९ जानेवारीला एफए कप या नॉकआउट स्पर्धेची मॅच काही तासांवर असताना मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, शॉन डाइशला काढलं, टीम तेव्हा १६व्या नंबरवर, रेलिगेशनच्या फक्त एक पॉइंट वर. दोन दिवसांनी डेव्हिड मोयेस परत आला, जो २००२ ते २०१३ इथेच मॅनेजर होता. पहिली मॅच हरला, आणि त्यानंतर लीगमध्ये सलग नऊ मॅच हरला नाही.

(१२ फेब्रुवारी २०२५, रात्र. रस्त्यावरचे दिवे, तोंडातून वाफ.)

आणि ही रात्र. लिव्हरपूलविरुद्ध गुडिसनवरची शेवटची लीग मॅच. डिसेंबरमध्ये व्हायची होती, वादळामुळे पुढे ढकलली. भारतात तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, आणि पुण्या-मुंबईत ज्यांनी ती जागून बघितली त्यांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात काय केलं ते त्यांनाच विचारा.

आम्ही ग्लॅडिस स्ट्रीटला. एव्हर्टनचा एक गोल, मग कोपऱ्यातला आवाज, मग परत कोपऱ्यातला आवाज. १-२. नव्वद मिनिटं झाली. लोक बाहेर यायला लागले, हे बघा, मान खाली, हात खिशात. आणि ९८व्या मिनिटाला,

(आवाज. निवेदन थांबतं.)

हा टारकोव्स्कीचा गोल. जेम्स टारकोव्स्की, डिफेंडर, बॉल खाली पडूच दिला नाही, हवेतूनच मारला, असं नंतर कळलं. घराबाहेर आलेली ही बाई, चपला नाहीत पायात, थंडी किती होती ते सांगत नाही. पण थांबा. आवाज बंद झाला. व्हीएआर चेक, म्हणजे व्हिडिओ बघून गोल बरोबर होता का ते तपासणं, चालू होतं, आणि रस्त्यावर कुणाला काही कळेना, जो तो दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावतोय, आतून नुसती गुणगुण. आणि मग परत तोच आवाज, पहिल्यापेक्षा मोठा. एकाच गोलचा आनंद दोनदा, व्हीएआरला शिव्या घालणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. २-२. मॅच संपल्यावर धक्काबुक्की होऊन दोन खेळाडूंना आणि लिव्हरपूलचा मॅनेजर आर्ने स्लॉटला रेड कार्ड, ते आम्हाला कुठून दिसणार.

(एप्रिलच्या शेवटी लिव्हरपूल चॅम्पियन झालं. त्या दिवशी आम्ही शूट केलं नाही.)

(१८ मे २०२५. सकाळ. निळा धूर.)

शेवटचा दिवस. समोर साउथहॅम्प्टन, जे आधीच रेलिगेट झालेले. मॅच दुपारी १२ ला, पण हे सकाळचे शॉट आहेत आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. यातल्या बऱ्याच जणांकडे तिकीट नाही. मिळणं शक्यच नव्हतं, ३९ हजारांच्या मैदानात अख्ख्या शहराला यायचं होतं. तरी आले. समोर विन्स्लो पब, स्टेडियमपेक्षाही जुना, १८८६ चा. आजोबा-बाप-पोरगा असे तिघे-तिघे एका भिंतीपाशी उभे राहून फोटो काढतायत. इलिमान एन्डियायेने दोन गोल मारले, दोन्ही पहिल्या हाफमध्ये, दोन्ही आम्ही ऐकले.

(इथून पुढे मॅच सुटल्यापर्यंत निवेदन नाही. फक्त आवाज. म्युझिक अजिबात टाकू नका.)

सिझन संपला तेव्हा एव्हर्टन १३व्या नंबरवर, ४८ पॉइंट. त्यातले १७ डाइशचे, ३१ मोयेसचे.

(मर्सी नदी, डॉक, नवं स्टेडियम.)

नवं स्टेडियम इथून साधारण तीन किलोमीटरवर, नदीकाठी, ब्रॅम्ली-मूर डॉकमध्ये. १८४८ चा डॉक, त्यात भराव टाकून उभं केलं, जवळपास ५३ हजार सीट. युनेस्कोने २०२१ मध्ये लिव्हरपूलच्या बंदराचा जागतिक वारशाचा दर्जा काढला, त्याच्या कारणांत हे स्टेडियमही होतं. दिसायला भारी आहे, नाकारत नाही. लीगची पहिली मॅच २४ ऑगस्ट २०२५ ला झाली, म्हणजे गुडिसन उघडल्याला बरोबर १३३ वर्षं त्या दिवशी, परत ब्रायटनच, आणि या वेळी २-० जिंकले. पहिला गोल परत एन्डियायेचा.

गुडिसन रोडवरचे पब, चिप्सची दुकानं, मफलर विकणारे, त्यांच्या धंद्याला फटका बसणार हे उघड आहे.

पण गुडिसन पाडलं नाही. आधी प्लॅन पाडायचाच होता. मे २०२५ मध्ये क्लबने जाहीर केलं की हे मैदान आता एव्हर्टनच्या महिला टीमचं. आणि याला मागची एक गोष्ट आहे. डिसेंबर १९२० मध्ये याच मैदानावर डिक, केर लेडीज विरुद्ध सेंट हेलेन्स अशी महिलांची मॅच झाली. डिक, केर लेडीज म्हणजे दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या पोरींची टीम. बघायला ५३ हजार लोक आत आणि हजारो बाहेर अडकलेले. वर्षभरातच, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने महिलांना आपल्या क्लबच्या मैदानांवर बंदी घातली, कारण दिलं की हा खेळ बायकांना शोभत नाही. जवळजवळ ५० वर्षं ती बंदी टिकली. त्या ५३ हजारांमुळेच पोटात दुखलं असं आमचं मत, ज्याला पटत नसेल त्याने खाली लिहावं.

(२०२५-२६ चा सिझन. गुडिसनचं गेट, मुलींचा घोळका, तोच निळा शर्ट.)

हे गेट तेच आहे. जाळी तीच, लाकडी सीट त्याच, खांबही आहेत. गर्दी अजून कमी आहे, चाळीस हजार येत नाहीत. त्यामुळे रांगेत उभं राहावं लागत नाही, पोरांना घेऊन जाता येतं आणि कुणाच्या ओळखीशिवाय तिकीट मिळतं. लंडन-मँचेस्टरला असाल, रविवार मोकळा असेल, तर वुमेन्स सुपर लीगचं, म्हणजे महिलांच्या टॉप लीगचं, वेळापत्रक बघा आणि होम मॅच धरून या. बुलन्स रोडच्या बाजूची सीट घ्या.