जाळे खाली नेऊ नका, पाणी वर आणा : ओव्हरफ्लो बॉक्समध्ये अडकलेला मासा

नमस्कार मंडळी. पावसाळा सुरू झाला की "दादा, मासा ओव्हरफ्लोच्या डब्यात पडला आहे, काय करू?" हा प्रश्न हमखास येतो, आणि या आठवड्यात तो खानापूर, निपाणी आणि आमच्या बेळगावातल्या शहापुरातूनही आला. पावसाळ्यातच का, तर वारंवार लाईट जाते, पंप थांबतो, माशांच्या अनेक टाक्यांत डब्यातले पाणी खाली बसते आणि कित्येक दिवस कुणाला न दिसलेला मासा तळाशी दिसू लागतो.

डब्याची रचना बहुतेकांना ठाऊक आहे. टाकीच्या कोपऱ्यातल्या उभ्या डब्याच्या काठावरच्या फणीसारख्या दातांवरून पाणी आत सांडते, पाईपने खालच्या संपमध्ये उतरते आणि पंपाने पुन्हा टाकीत येते. संप म्हणजे येथे अंगणातला नव्हे, टाकीखालच्या कॅबिनेटमधली छोटी टाकी. गप्पी, टेट्रा, लोच असे सडपातळ मासे दातांच्या फटीतून आत जातात, तर काही वरून उडी मारतात.

मासा दिसला म्हणून घाबरू नका. पंप चालू असताना डब्यात पाणी सतत कोसळते, त्यामुळे तेथे प्राणवायू भरपूर असतो आणि खाद्याचे कणही वाहत येतात. मासा तेथे काही दिवससुद्धा सुखरूप राहू शकतो. त्याला इजा होते ती आपल्या घाईमुळे, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो आहे. चार वर्षांपूर्वी माझा क्लाऊन लोच डब्यात गेला, तेव्हा मी तारेला जाळे बांधून ते त्या अरुंद जागेत खाली सोडले. या माशाच्या डोळ्याखाली काटा असतो. तो जाळ्यात अडकला, मी ओढले, आणि बाजूची कातडी सोलून निघाली. जखमेवर कापसासारखी बुरशी चढली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. कोरी आणि सकर या मांजरमाशांच्या परांचे काटेही असेच अडकतात. तसे झालेच तर मासा ओढू नका, कात्रीने जाळे कापा.

म्हणून जाळे माशापर्यंत खाली न्यायचे नाही, पाण्याबरोबर माशाला वर आणायचे. त्याचा क्रम असा: प्रथम पंप बंद, नंतर निचऱ्याचा, म्हणजे संपकडे उतरणाऱ्या पाईपचा वॉल्व्ह बंद, आणि त्यानंतर संपमधले पाणी मगाने हळूहळू डब्यात ओतणे. वॉल्व्ह नसेल तर पाईपच्या तोंडात रबरी बूच बसवा. दुसरा, मुख्य पाईप तुंबला तर कामी येणारा आणीबाणीचा उंच पाईप उघडा असेल तर पाणी त्याच्या तोंडापर्यंतच चढेल. सहसा ते तोंड दातांच्या थोडेच खाली असते, त्यामुळे तेवढे पुरते.

हा क्रम उलटा करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. निपाणीच्या एका प्रेक्षकाने पंप चालू ठेवूनच वॉल्व्ह फिरवला आणि बैठकीच्या खोलीत पाणी झाले. हिशोब करून पाहा: टाकी १२० बाय ४५ सेंटिमीटरची आणि दातांच्या वर काठापर्यंत ३ सेंटिमीटर मोकळे, म्हणजे सुमारे १६ लिटर जागा. ताशी २००० लिटरचा पंप मिनिटाला ३३ लिटर चढवतो. निचरा बंद झाल्यापासून अर्ध्या मिनिटात पाणी फरशीवर येते, आणि संप रिकामा होऊन पंप कोरडा फिरतो तो वेगळाच.

आता तीच गोष्ट माशाच्या बाजूने पाहा. पंप बंद केला पण निचरा उघडाच राहिला, तर डब्यातले पाणी पाईपच्या तोंडापर्यंत खाली जाते, आणि ते तोंड तळाशी असेल तर मासा पाण्याबरोबर पाईपमध्ये ओढला जातो. म्हणून पंप थांबताच हात वॉल्व्हकडे गेला पाहिजे, त्या दोन क्रियांच्या मध्ये फोन घ्यायचा नाही.

"संपमधलेच पाणी का, नळाचे चालणार नाही का?" असेही अनेकांनी विचारले आहे. आपल्याकडचे नळाचे पाणी क्लोरीन घातलेले असते, आणि त्या चिंचोळ्या जागेत माशाला त्यापासून दूर जायला वाव नसतो. १५ बाय १५ सेंटिमीटरच्या डब्यात पाणी ४० सेंटिमीटर चढवायला ९ लिटर लागते, आणि एवढे पाणी संपमध्ये असतेच. मात्र ते काढण्यापूर्वी हीटरचे बटण बंद करा, कारण पाण्याबाहेर आलेला तापलेला हीटर तडकतो. बेळगावच्या थंडीत तो चालू असतो आणि नेमका तोच विसरला जातो.

पाणी वर आले की खोलीतला दिवा मालवा, टाकीच्या बाजूने मंद उजेड ठेवा आणि पारदर्शक ग्लास तिरपा बुडवून धरा. मागच्या महिन्यात दुसरा लोच अडकला, तेव्हा शेजारचा कन्नड मुलगा टॉर्च धरून उभा होता. मी सातवा मग ओतला आणि तो कुजबुजला, "मीनु मेले बंतु." खरोखरच मासा वर आला होता, मिशा हलवत त्याने दातांची फट हुंगली आणि ग्लास लावण्याआधीच तो पाण्याच्या पातळ धारेबरोबर टाकीत उतरला.

त्यानंतर उलट क्रम: आधी वॉल्व्ह उघडा, डब्यातले पाणी संपमध्ये उतरू द्या, पातळी पाहा, मगच पंप आणि हीटर चालू करा. दातांवर बारीक जाळी बसवणार असाल तर ती दर आठवड्याला ब्रशने घासा, कारण शेवाळाने ती बुजली की टाकीतले पाणी काठापर्यंत चढते. आणीबाणीचा पाईप डब्याच्या आत असतो, त्यामुळे बाहेर तुंबलेल्या या पाण्याला त्याचा काहीच उपयोग होत नाही. खानापूरच्या ताई, तुमच्या फोटोत ती जाळी हिरवीगार दिसते आहे. आज रात्रीच काढून धुवा.