खाजेची ट्यूब आणि टॅक्रोची लेव्हल

मंडळी, विषय आहे किडनी प्रत्यारोपणानंतरचा त्वचेचा बुरशीसंसर्ग. पण सुरुवात मेडिकलच्या काउंटरपासून करतो, कारण खेळ तिथेच बिघडतो.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक तापाचे नऊ दिवस, संपतो, पाऊस येतो, कूलर मात्र सुरूच. खोलीत दमट हवा, कमरेला घट्ट नाडा, जांघेत घाम. गजकर्णाला आणखी काय हवं? माणूस नागपूरच्या सीताबर्डी बाजारात मेडिकलवर जातो, "खाजेची ट्यूब द्या" म्हणतो. हातात पडते ती मिश्र ट्यूब. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि सोबत क्लोबेटासॉल, म्हणजे अतिशय तीव्र स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. बुरशी मात्र आरामात पसरते, कारण तिच्याशी लढणारी सूजच आपण दाबलेली असते. चट्ट्याची गोल कड पुसली जाते आणि मग डॉक्टरलाही तो ओळखू येत नाही. जांघेतली कातडी पातळ होते, तिच्यावर कायमचे चिरे पडतात. 2018 साली सरकारने 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. तरी ट्यूब सहज मिळते. याचा मला मनापासून संताप येतो. घरी ट्यूब असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरं आज वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन दिसलं की ती लावू नका.

तुम्ही प्रत्यारोपण झालेली माणसं. तुमच्या अंगात तर आधीच प्रेडनिसोलोन, टॅक्रोलिमस (आपलं टॅक्रो), मायकोफेनोलेट आहे, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. चट्टा छातीभर पसरला तरी खाज बेताचीच असू शकते. म्हणून अंदाजाने उपचार नको. चट्ट्याच्या कडेची खपली खरवडायची, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. साधी, स्वस्त तपासणी आहे.

वेळ संपत आल्याची खूण झाली, म्हणून मुख्य मुद्दा भराभर सांगतो. इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं यकृतातल्या टॅक्रो मोडणाऱ्या एन्झाइमला रोखतात. टॅक्रोची लेव्हल, म्हणजे रक्तातलं प्रमाण, चढते, हात थरथरतात, क्रिएटिनिन वाढतं, म्हणजे किडनीवर ताण येतो. व्होरिकोनॅझोल सुरू करताना टॅक्रोचा डोस साधारण एक तृतीयांशावर आणावा लागतो. उलट, ही बुरशीची गोळी बंद केली की टॅक्रोची लेव्हल कोसळते आणि किडनी नाकारली जाण्याचा धोका येतो. म्हणून सुरू करताना आणि थांबवतानाही लेव्हल करा, टॅक्रोची सकाळची गोळी घेण्याआधी. तोंडातल्या बुरशीसाठी चघळायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्याही लेव्हल वाढवतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधाचा टॅक्रोशी फारसा झगडा नाही, पण किडनीचं काम बरंच मंदावलं असेल तर तेही टाळतात. शिवाय अलीकडे त्याला न जुमानणारी बुरशी बरीच दिसते. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलला पोटात आम्ल लागतं, म्हणून ती जेवणासोबत घ्या. पॅन्टोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, चालू असेल तर आधी सांगा, त्याने ती नीट शोषली जात नाही.

एकच गोष्ट राहिली. शेतात, संत्र्याच्या बागेत काटा रुतला आणि काही महिन्यांनी पायावर न दुखणारी गाठ आली, तर ती फोडू नका, शेकू नका. आत काळ्या रंगाची बुरशी (कोरोनात गाजलेली म्युकर नव्हे, वेगळी) असू शकते आणि पुष्कळदा गाठ कापूनच काढावी लागते. काढलेल्या गाठीचा तुकडा तपासणीला दोन बाटल्यांत जायला हवा, एक फॉर्मेलिनची, एक सलाइनची. फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायच्या तपासणीत, काही उगवत नाही. नातेवाइकांनी तिथेच विचारावं, "डॉक्टर, सलाइनची बाटली पाठवली ना?"