रेकॉर्ड रूमचा अतिरिक्त कार्यभार

(दृश्य: तहसील कार्यालयाची मागची बाजू. जाळीची खिडकी. आत मांडण्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे.)

तहसील कार्यालयात गर्दी असते ती दाखल्यांच्या खिडकीपुढं. मागच्या अंगाला असलेल्या रेकॉर्ड रूमकडं सहसा कुणी फिरकत नाही. पण भावकीचा वाद पेटला, वहिवाटीचा रस्ता अडला, कुळाचा दावा उभा राहिला किंवा जात पडताळणीनं आजोबांचा पुरावा मागितला, की माणूस शोधत शोधत इथंच येतो.

"भाऊसाहेब, आज्याच्या नावचा फेरफार पाहिजे."

"साल?"

"साल नाही ठाऊक. स्वातंत्र्याच्या आधीचा असंल."

इथं शोध अडतो. गठ्ठे गावाप्रमाणं लावलेले, गावात नमुन्याप्रमाणं, नमुन्यात सालाप्रमाणं. साल माहीत नसेल तर गठ्ठे एकेक करून सोडावे लागतात. ते सोडणार कोण? दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाकडं बहुतेक ठिकाणी आणखी एखादं टेबल असतंच. निवडणूक आली की त्यालाही निवडणुकीचं काम लागतं आणि खोलीला कुलूप.

(दृश्य: उघडलेलं कोतवाल बुक. पान अगदी जवळून.)

हा गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद. गावात ती कोतवाल बुक म्हणूनच ओळखली जाते. लिपी मोडी. लिहिणाऱ्यानं आधी आडवी ओळ ओढली आणि मग तिला अक्षरं लटकवत नेली. शब्द कुठं संपला त्याची खूण नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. बोरूनं लिहिलेली पेशवाईतली मोडी त्या मानानं ठसठशीत. ही इंग्रजी अमदानीतली, टाकानं घाईघाईत ओढलेली. शेजारच्या दोन गावांच्या लेखनिकांचं वळणसुद्धा एक नसतं. जातीच्या रकान्यात जेमतेम दोन-तीन अक्षरं, आणि पुढं त्यांच्यावर एका घराण्याचा दाखला अवलंबून.

२०२३ च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आधी मराठवाडा, नंतर सगळं राज्य. कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. कोतवाल बुकं, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, खासरा पत्रकं, कुळांच्या नोंदवह्या, सगळं उपसलं गेलं. वर्षानुवर्षं न सुटलेल्या गाठी काही आठवड्यांत सुटल्या. मग लक्षात आलं की कागद आहेत, पण वाचणारे नाहीत. मोडी जाणकारांची शोधाशोध झाली. मराठवाड्यात निजामाच्या काळातली कागदपत्रं उर्दूत, त्यातली पुष्कळशी हैदराबादला. तिथवर पथकं गेली.

आरक्षणाच्या वादात आम्ही पडत नाही. आमचा मुद्दा दप्तराचा आहे. एरवी ज्या खोलीला झाडूवालाही मिळत नाही, तिथं एका आदेशासरशी माणसं आली, दिवे आले, टेबलं आली. दप्तराला पैसा मिळतो तो असा, कुणाचा तरी हक्क त्यावाचून अडला की.

हे आजचं नाही.

(दृश्य: पुणे पुराभिलेखागार. दगडी इमारत.)

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पेशव्यांचं दप्तर इंग्रजांनी जपलं. इनामं कुणाची खरी, कुणाची खोटी, हे ठरवायचं होतं. १८५२ मध्ये इनाम कमिशन आलं, दप्तर त्याच्या कामी लागलं, आणि १८९१ मध्ये पुण्यात त्यासाठी ही इमारत उभी राहिली. संशोधकांना मात्र बराच काळ दार बंदच होतं. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत काढले, तेव्हा १९३० चं दशक उजाडलं होतं. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, इथं हजारोंनी आहेत.

आता कायदा बघा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५. अभिलेख बेकायदा नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक कार्यालयात अभिलेख अधिकारी असावा, असंही त्यात आहे. पण तो असलेल्या अधिकाऱ्यांतूनच नामनिर्देशित करायचा. म्हणजे नवं पद नाही, नुसता कार्यभार वाढतो. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्यातलं कलम ४ सांगतं की अभिलेखांची सूची करून ठेवा. सूची करायलाही माणूस लागतोच.

आणि पैसा? नक्कल फी शासनाच्या तिजोरीत जमा होते. ज्या कपाटातून कागद निघाला, त्याच्या वाट्याला त्यातलं थेट काही येत नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यात वेगळी रीत आहे. तिथल्या काउंटीच्या कारकुनाला दस्त नोंदवताना १० डॉलरपर्यंत अभिलेख शुल्क लावता येतं, आणि ती रक्कम जुने अभिलेख जपण्यावरच खर्चावी लागते. आपल्याकडं हे का नको, याचं समाधानकारक उत्तर आम्हाला सापडलेलं नाही.

स्कॅनिंग झालं ना, असं कुणी म्हणेल. झालंय, बऱ्याच जिल्ह्यांत जुने फेरफार, सातबारा घरबसल्या दिसतात, आणि ते उत्तमच आहे. पण स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. गावाचं नाव, नमुना आणि साल अचूक भरलं तरच तो सापडणार. मोडीतलं साल न वाचता आलेल्या माणसानं अंदाजे भरलं, तर ते पान संगणकात असूनही हरवलेलं. गठ्ठ्यात निदान शेजारच्या पानावरून माग काढता यायचा.

पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. विद्यार्थी, निवृत्त मंडळी हौसेनं येतात, परीक्षा देतात. त्यांना तहसिलीत बोलावणं येतं ते मोहीम निघाली तरच, आणि तेही मानधनावर. सुरुवात कुठून करायची, असं कुणी विचारलं तर आमचं म्हणणं एवढंच: जिल्ह्यामागं एक मोडी वाचक, कायम पदावर. मराठवाड्यात त्याच्या जोडीला उर्दू वाचणारा.