चाळीस वाट्यांचं बेट

(दृश्य: बोट धक्क्याला लागते. कड्यातला बोगदा. ट्रॅक्टरला जोडलेली बाकड्यांची गाडी.)

गर्न्सी बेटाहून सुटलेली बोट तासाभराच्या आत या कड्यांखाली येते. बेटाचं नाव सार्क. शेजारी देशांच्या परिषदेमुळे हे नाव आपल्या तोंडात बसलंय, म्हणून आधीच सांगितलेलं बरं की त्या सार्कचा आणि या सार्कचा काही संबंध नाही. हे इंग्लिश खाडीतलं, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळचं बेट. क्षेत्रफळ जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटर, वस्ती पाच-सहाशेची.

इथे मोटारगाडीला बंदी आहे. धक्क्यावरून चढ चढायचा तर ट्रॅक्टरच्या गाडीत बसा, नाहीतर पायी. वर गेल्यावर सायकल किंवा घोडागाडी. विमानतळ नाही, रस्त्यावर दिवे नाहीत. पर्यटक या ‘नाहीं’चेच फोटो काढतात. आम्हाला जे दाखवायचंय ते जमिनीवर उभं राहून दिसत नाही, त्यासाठी जरा वर जावं लागेल.

(दृश्य: ड्रोन. शेतं, हिरवी कुंपणं, दगडी घरं, चारी बाजूंनी कडे.)

ही शेतं बघा. घर, घराभोवती सलग रान, मग पुढचं घर. या जमिनीची वाटणी साडेचारशे वर्षांपूर्वी एका माणसाने केली, आणि तिचा सांगाडा आजही शाबूत आहे.

साल १५६५. इंग्लंडच्या गादीवर पहिली एलिझाबेथ. सार्क ओस पडलेलं. १५४९ मध्ये फ्रेंचांनी इथे ठाणं दिलं होतं. ते उठलं, पण रिकामं बेट म्हणजे शत्रूला आणि चाच्यांना आयतं घर. शेजारच्या जर्सी बेटावर हेलिए द कार्टरे नावाचा जमीनदार होता. राणीने त्याला सनद दिली. सार्क तुझं आणि तुझ्या वारसांचं. त्याबदल्यात बेटाच्या रक्षणाला किमान ४० हत्यारबंद माणसं इथे कायम वसलेली पाहिजेत.

फौज बाळग, त्या खर्चासाठी मुलूख घे. मराठी कानाला हे अनोळखी नाही. याला आपल्याकडे सरंजाम म्हणत. आज ‘सरंजामशाही’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, पण मूळ अर्थाने तो कुठे चपखल बसत असेल तर या बेटावर. फरक आहे तो एकच. मराठी राज्यात सरंजाम हा निदान कागदावर तरी सरकारच्या मर्जीचा, बापाकडून मुलाकडे हक्काने जाणारा नव्हे. कार्टरेची सनद वंशपरंपरेची होती. म्हणजे काम सरंजामाचं, पण हक्क वतनाचा.

आणि खंड किती? वर्षाला ५० सू. आजच्या नाण्यांत त्याचा हिशेब होतो १ पौंड ७९ पेन्स, आपले साधारण दोनशे रुपये. दरवर्षी ही रक्कम बेटाकडून राजाच्या खजिन्यात जमा होते. थट्टा वाटेल, पण खंड भरला जातो म्हणून सनद जिवंत आहे.

(दृश्य: दगडी घराचं जुनं दार. कुंपणापलीकडे गाई. कड्याच्या काठापर्यंत जाणारी पायवाट.)

चाळीस माणसं ठेवायची तर त्यांना जमीन हवी. कार्टरेने बेटाचे चाळीस वाटे केले आणि बहुतेक जर्सीतूनच कुटुंबं आणली. त्या वाट्याला नाव टेनामेंट. मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर लगेच चाळ आणि नळावरची रांग उभी राहील. इथलं टेनामेंट म्हणजे घर, शेत आणि त्या शेतालगतच्या किनाऱ्याची पट्टी. पट्टी राखायची जबाबदारी त्या घराची. घरटी एक बंदूक आणि ती चालवणारा एक गडी.

या व्यवस्थेतली खरी मेख मात्र बंदुकीत नाही. शेताचे दोन तुकडे झाले की अर्ध्या शेतावर एका शिपायाचं कुटुंब जगत नाही, आणि शिपाई गेला की सनदेची अट मोडते. म्हणून वाट्याचे तुकडे पाडायचे नाहीत. १६११ मध्ये पहिल्या जेम्स राजाच्या सनदेने यावर शिक्का मारला. टेनामेंट विकायचं तर पूर्ण विकायचं, तेही बेटाच्या धन्याची परवानगी घेऊन. वारसाने जायचं तर पूर्ण आणि एकालाच जायचं. बापाने मृत्युपत्रात चार मुलांना चार बांध लिहून द्यायचे म्हटले, तरी ते चालत नाही.

तुकडेबंदी. आपल्याकडे या नावाचा कायदा आला १९४७ मध्ये. तो कागदावर असतानाच सातबाऱ्यावर एकाखाली एक नावं चढत गेली, एकराचे गुंठे झाले, गुंठ्यांचे प्लॉट झाले. चुलत्यांच्या आणि चुलतभावांच्या सह्यांसाठी ज्याने तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्यात, त्याने हे ड्रोनचं चित्र जरा थांबवून पाहावं. इथे चारशे वर्षं बांध कोरला गेला नाही, कारण कोरायला भाऊबंदच शिल्लक ठेवले नाहीत.

सगळं थोरल्या मुलाला. धाकटे बोटीने निघून गेले किंवा दुसऱ्याच्या रानात राबले. मुलीची पाळी मुलगा नसेल तरच.

(दृश्य: सेन्यॉरचा वाडा. भिंतीआडची बाग. तोफ जवळून. कबुतरखान्याचा बुरूज.)

बेटाच्या धन्याला सेन्यॉर म्हणतात. हा त्याचा वाडा, आणि ही राणीने धाडलेली कांस्याची तोफ. फ्रेंचमधली कोरीव अक्षरं वाचता येतात, साल आहे १५७२. तिच्या आदल्या वर्षी, बेटाच्या सर्वांत उंच जागी सेन्यॉरने पवनचक्की बांधली.

मागे दिसतोय तो कबुतरखाना. बेटावर कबुतरं पाळायचा हक्क एकट्या सेन्यॉरचा होता. कबुतरं त्याची, आणि ती दाणे कुणाच्या शेतातले टिपत असतील हे वेगळं सांगायला नको. असाच दुसरा हक्क कुत्रीचा. पिल्लं होऊ शकेल अशी मादी फक्त सेन्यॉरच्या दारी. हा नियम २००८ पर्यंत टिकला. जगभरच्या बातमीदारांनी सार्कबद्दल लिहिताना तो नेमाने पहिल्या परिच्छेदात घातला आणि तुकडेबंदीला मात्र एक ओळसुद्धा दिली नाही.

पैशाचा खरा हक्क होता त्रेझिएम, म्हणजे तेरावा हिस्सा. टेनामेंट विकलं गेलं की किमतीतला तेरावा भाग सेन्यॉरचा. १९९३ मध्ये डेव्हिड आणि फ्रेडरिक बार्कले या जुळ्या उद्योगपती भावांनी शेजारचं ब्रेकू बेट सुमारे २३ लाख पौंडांना घेतलं. ब्रेकू हा सार्कच्याच चाळीसांतला एक वाटा, त्यामुळे पावणेदोन लाखांहून अधिक पौंड सेन्यॉरच्या पदरी पडले. आता तो हक्क नाही. त्याऐवजी सेन्यॉरला वर्षाला ठरावीक रक्कम मिळते.

(दृश्य: ला कूपे. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना खोल समुद्र. सायकलवरून उतरून चालणारी माणसं. वारा. दहा सेकंद निवेदन नाही.)

ला कूपे. बेटाचा मोठा भाग आणि लिटल सार्क यांना जोडणारी दगडाची धार. रुंदी तीनेक मीटर, खाली ऐंशी मीटर. हा काँक्रीटचा रस्ता १९४५ मध्ये जर्मन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. १९०० साली कठडे बसण्याआधी वादळी वाऱ्यात शाळेची मुलं इथून रांगत जायची, असं सांगतात.

(दृश्य: लिटल सार्क. गवतात उभं पडकं धुराडं.)

हे धुराडं चांदीच्या खाणीचं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ल पेली घराण्याकडे सेन्यॉरपद होतं. चांदीच्या आशेने त्यांनी इथे पैसा ओतला, खाणीत पाणी शिरलं, पैसाही बुडाला. कर्जासाठी काय गहाण टाकलं? बेट. घराची जमीन नव्हे, अख्खं सेन्यॉरपद. १८५२ मध्ये ते मेरी कॉलिंग्ज या बाईंकडे गेलं. आजच्या सेन्यॉरांचं बोमाँ घराणं त्यांच्याच वंशातलं.

थोरल्या मुलाचा एवढा बडेजाव सांगणाऱ्या बेटावर धनीण चालत होती, हे विशेष. मेरीबाईंची पणती सिबिल हॅथवे १९२७ पासून १९७४ पर्यंत सार्कची डेम, म्हणजे धनीण, होती. जर्मन सैन्य १९४० मध्ये उतरलं तेव्हाही गादीवर त्याच. त्यांच्यावर वेगळी फिल्म व्हायला हवी.

(दृश्य: दोन शेतांमधली दगडी भिंत. कॅमेरा भिंतीलगत सरकतो.)

जमिनीचा वाद झाला तर? नॉर्मन लोकांकडून आलेला एक उपाय इथल्या कायद्यात अजून आहे. क्लामर द आरो. शेजारी तुमच्या हद्दीत भिंत घालतोय. तुम्ही साक्षीदार घेऊन तिथे जायचं, गुडघे टेकायचे, आणि फ्रेंचमध्ये ओरडायचं: आरो! आरो! आरो! धाव रे माझ्या राजा, माझ्यावर अन्याय होतोय! पुढे ख्रिस्ती प्रार्थना, तीही फ्रेंचमध्ये. तेवढ्याने गवंड्याने थापी खाली ठेवायची. कोर्ट निवाडा देईपर्यंत एक दगड हलवायचा नाही. वकील नाही, स्टॅम्पपेपर नाही. खोटी हाक मारली तर दंड.

जुन्या मराठी कागदांत ‘दुराही’ भेटते, राजाच्या नावाने घातलेली मनाई. त्यापुढे पाऊल टाकलं तर राजाचा अपराध. दुराही आपल्या शब्दकोशात उरली. सार्कवर १९७० मध्ये एका बागेच्या भिंतीचं काम क्लामरने थांबवलं होतं. ही ती भिंत नव्हे, पण दगड तसेच आहेत.

(दृश्य: सभागृहाची साधी इमारत. दारावरचा फलक. मग दुरून ब्रेकू, त्यावरचा नवा गॉथिक धाटणीचा किल्ला.)

बेटाची विधानसभा म्हणजे चीफ प्लीज. जमीन असेल त्याला खुर्ची, असा सरळ हिशेब होता. चाळीस टेनंट, म्हणजे टेनामेंटचे मालक, आपोआप सभासद. बाकीच्यांना १९२२ पासून १२ प्रतिनिधी निवडून द्यायला मिळू लागले.

समोर जो किल्ला दिसतोय, तो ब्रेकूवरचा. आमच्याकडे त्याचं एवढंच, लांबून घेतलेलं चित्र आहे. त्याच्या मालकांनी, म्हणजे बार्कले बंधूंनी, थोरल्या मुलाच्या वारसाहक्काला आव्हान दिलं, आणि १९९९ मध्ये मुलींनाही टेनामेंट मिळण्याची वाट मोकळी झाली. मग वाद चीफ प्लीजवर आला. एप्रिल २००८ मध्ये नव्या रचनेला प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाची, मंजुरी मिळाली. डिसेंबरमध्ये सार्कच्या प्रौढांनी पहिल्यांदा सगळे, म्हणजे २८ प्रतिनिधी मतदानाने निवडले. बार्कले बंधूंना हवे होते ते उमेदवार बहुतेक पडले. बंधूंचे बेटावरचे धंदे लगेच बंद झाले, शंभरावर माणसांची कामं गेली, पुढे बरेचसे धंदे पुन्हा उघडले. सेन्यॉर अजूनही सभेत बसतो, या तक्रारीवरचा खटला लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात २००९ मध्ये फेटाळला गेला.

कोकणातली खोती १९४९ च्या कायद्याने गेली, तेव्हा खोताचा हक्क आणि खोताचा मान दोन्ही एकदमच गेले. सार्कवर तसं झालं नाही. सत्ता मतपेटीत गेली, कुत्रीचा आणि तेराव्या हिश्शाचा हक्क सुटला, पण सेन्यॉर आहे. मत नसलेली खुर्ची आहे, वाडा आहे, आणि बेट अजून राजाकडून सनदेवर धरलेलं आहे.

(दृश्य: संध्याकाळ. घोडागाडी परत निघते. हळूहळू अंधार.)

२०११ मध्ये सार्कला जगातलं पहिलं ‘काळोखी आकाशाचं बेट’ असा मान मिळाला. त्यासाठी इथे नवं काही फारसं करावं लागलं नाही. चाळीस वाट्यांमध्ये वसाहती उठल्या नाहीत, म्हणून त्यांचे दिवेही नाहीत. आम्ही कॅमेरा एका कुंपणाला टेकवून रात्रभर चालू ठेवला. कुंपण कुणाच्या वाट्याचं, ते सकाळी विचारून घेतलं.

(दृश्य: तारे. खाली एका सायकलचा दिवा वळणापर्यंत जातो. नामावली.)